खायचं काय बघायला जायचं?

(आपल्या संघाच्या वार्षिक सभेत सेनगाव इथं एका गटाच्या अध्यक्षांनी केलेलं भाषण. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं छापत आहोत. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला बोलायला सांगितलं तेव्हा सचिव ताई म्हणाल्या, "परतफेडीवर बोला." मी म्हटलं, परतफेडीवर आपण दर बैठकीला बोलतोच की. आज मी सहलीवर बोलते. हसू नका. ही सहल देवदर्शनाची नव्हती, लग्नाची नव्हती आणि कुठल्या शासकीय प्रशिक्षणाचीही नव्हती. आम्ही चौदा बायका गाडी करून खायच्या वस्तू बघायला गेलो होतो. खायला नव्हे हं, बघायला!

घरी सांगितलं तेव्हा आमचे मालक म्हणाले, "खायचं काय बघायला जायचं? घरी करा आणि खा." तुमच्याही घरी हेच म्हणतील. म्हणून मी तुम्हाला आधी हे सुरू कसं झालं ते सांगते, मग काय बघितलं ते सांगते, आणि शेवटी तुमच्याकडं एक काम मागते. काम लहान आहे, पण ते नाही केलं तर आपलं काय जातं, ते मी माझ्याच घरच्या नुकसानीवरून सांगणार आहे.

सुरुवात झाली माझ्या नातीच्या मोबाईलवरून. ती मला म्हणाली, "आजी, अमेरिकेत मोहरीचं म्युझियम आहे." मला वाटलं थट्टा करायली. पण खरंच आहे. विस्कॉन्सिन नावाच्या राज्यात बॅरी लेव्हन्सन नावाचे एक वकील होते. ते मोहरीच्या चटण्यांच्या बाटल्या गोळा करायला लागले, आणि पुढं चांगली सरकारी वकिली सोडून 1992 साली त्यांनी मोहरीचं संग्रहालय काढलं. आज तिथं जगभरातल्या हजारो बाटल्या मांडून ठेवल्यात आणि लोक लांबून गाडी करून बघायला येतात. आपण फोडणीत चिमूटभर टाकतो ती मोहरी!

मग नात एकेक दाखवत गेली. अमेरिकेतच आयडाहो राज्यात एका जुन्या रेल्वे स्टेशनात बटाट्याचं संग्रहालय आहे. जपानमध्ये योकोहामा शहरात रामेनचं आहे. रामेन म्हणजे आपल्या शेवयांची लांबची पाहुणी समजा, रश्श्यात टाकून खातात. तिथं 1958 सालातली जपानी गल्ली उभी केलीय आणि त्या गल्लीत बसून लोक रामेन खातात. 1958 का, तर त्या वर्षी तिथं झटपट शिजणाऱ्या नूडल्सचा शोध लागला.

आणि दक्षिण कोरियात सोल शहरात किमचीचं संग्रहालय आहे. किमची म्हणजे कोबी, मुळा यांना मीठ-तिखट लावून मुरवलेला पदार्थ, आपल्या लोणच्यासारखा. तिथल्या बायका थंडी पडायच्या आधी एकत्र जमतात. आज हिच्या दारात, उद्या तिच्या दारात, असं करून वर्षभराची किमची घालतात आणि एकमेकींना वाटतात. या एकत्र येऊन किमची घालण्याला युनेस्को या जागतिक संस्थेनं 2013 साली जगाचा वारसा म्हणून यादीत घेतलं.

हे ऐकून मी गप्पच झाले. कारण मला आपला उन्हाळा दिसला. चैत्र-वैशाखात पहाटे उठून कुरडयांचा चीक हाटायचा, एकीच्या गच्चीवर पाच जणींनी पापड लाटायचे, दुसऱ्या दिवशी दुसरीच्या दारात शेवया. बरोबर तेच! फरक एवढाच, की त्यांनी ते लिहून ठेवलं आणि जगाला दाखवलं. आपण वाळवण करतो, डब्यात भरतो, खातो आणि विसरतो.

मी पुढच्या बैठकीत विषय काढला. म्हटलं, कोरियाला काही आपण जाऊ शकत नाही, पण आपल्या महाराष्ट्रात असं काय आहे ते बघून येऊ. तीन गटांतल्या चौदा जणी तयार झाल्या. दर महिन्याला गटाच्या बचतीपेक्षा वेगळे अडीचशे रुपये बाजूला टाकले. बारा महिन्यांत एकीचे तीन हजार, चौदा जणींचे बेचाळीस हजार. एक रुपया कर्ज काढलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण सहलीसाठी अंतर्गत कर्ज घ्यायचा विचार एकीच्या मनात आला होता आणि आम्ही तो तिथंच मोडून काढला.

पौष महिना निवडला. पौषात लग्नं नसतात, सोयाबीन घरात आलेलं असतं आणि हळदीची काढणी अजून सुरू व्हायची असते. सतरा सीटांची ट्रॅव्हलर केली. भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि तिळाचे लाडू सोबत घेतले. संध्याकाळी सेनगाव सोडलं आणि सकाळी पंढरपुरात कळसाचं दर्शन घेतलं. आता पंढरपूर वाटेत असताना न थांबता जाणं कुणाला जमणार होतं?

पहिला मुक्काम सांगली. सांगलीला लागूनच कृष्णा आणि वारणेच्या संगमावर हरिपूर गाव आहे. तिथं हळदीची पेवं आहेत. हे काही संग्रहालय नाही. तिथं तिकीट नाही, काचेची कपाटं नाहीत. पण हळद पिकवणाऱ्या बाईनं जन्मात एकदा बघावी अशी ती जागा आहे.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. वर तोंड अरुंद, माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि आत ऐसपैस. खोलीला दोन पुरुष, तीन पुरुष. तिथली माती अशी आहे की आत ओल धरत नाही. आतून बुडाला आणि कडेला पाला-कडबा लावायचा, हळद भरायची आणि तोंड बंद करून वर माती लिंपायची. हवा आत जात नाही म्हणून कीड लागत नाही. हळद वर्षानुवर्षं राहते. सांगलीची हळदपेठ एवढी मोठी झाली, त्यात या पेवांचा मोठा वाटा. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, पुष्कळ पेवं वाया गेली. आता थोडीच उरलीत, बाकी सगळा माल गोदामात जातो.

आमच्यातल्या एकीनं तोंडाशी वाकून बघितलं आणि म्हणाली, "आगं, हे तर आमच्या आज्याच्या वाड्यात होतं! ज्वारीचं." खरंच, आपल्या मराठवाड्यात ज्वारीची पेवं आणि घरातली बळदं होतीच की. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आत कोंडलेली हवा असते, जीव जातो. आधी तोंड उघडं ठेवायचं आणि मग उतरायचं, हे तिला तिच्या आज्यानं सांगितलेलं. "पेव फुटलं" असं आपण रोज बोलतो, पण पेव काय असतं हे आपल्या लेकरांना दाखवायला एकसुद्धा शिल्लक नाही.

तिथं उभं राहून माझ्या मनात एक हिशेब आला. पेव कशासाठी होतं? भाव पडला असताना माल विकावा लागू नये म्हणून. आणि आपण काय करतो? हळद पॉलिश झाली की त्याच आठवड्यात मोंढ्यात नेतो, कारण कर्ज दारात उभं असतं. आता पेव खणायची गरज नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून आहे. योजना राबवणाऱ्या बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा. त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा टक्के व्याजानं, सहा महिन्यांसाठी. त्यात हळद आहे, सोयाबीन आहे, तूर आहे, हरभरा आहे. सगळ्याच समित्या ती राबवत नाहीत, म्हणून आपल्या समितीत जाऊन विचारा. हे पेवच आहे, फक्त जमिनीच्या वर आलंय.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरजवळ कणेरीला गेलो. तिथं सिद्धगिरी मठाच्या आवारात जुन्या गावगाड्याचं संग्रहालय उभं केलंय. माणसांएवढे पुतळे आहेत, बारा बलुतेदार आपापल्या कामात आहेत. कुंभार चाकावर, शेतकरी बैलांमागं, बायका घरकामात. पुतळे इतके जिवंत की आमच्यातली एक जण एका म्हाताऱ्याला रस्ता विचारायला निघाली होती!

आमच्या सोबत एक मावशी होत्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. दळणाचा देखावा बघून त्या थांबल्या. पदर खोचला, खाली मांडी घातली, आणि हवेतच खुंटा धरून दाखवायला लागल्या. एकटीनं दळताना पाय कसा ठेवायचा, दोघी समोरासमोर असल्या की हातावर हात कसा येतो, वैरण कुठल्या हातानं घालायची, भरड काढायची असली तर काय करायचं. आणि मग त्यांनी ओव्या सुरू केल्या. एका शाळेची सहल आली होती. ती पोरं पुतळे सोडून मावशींभोवती जमली. बाई मोबाईल काढून चित्रण करायला लागल्या. आम्ही? आम्ही हसत उभ्या होतो. आमच्यातल्या एकीनंही ते उतरून घेतलं नाही. आपल्या गावचीच मावशी, कधीही ऐकू, असं वाटलं.

मावशी या दिवाळीच्या आधी गेल्या. त्या शाळेच्या पोरांच्या मोबाईलमध्ये त्या आहेत, कुठल्या गावची शाळा ते आम्ही विचारलं नव्हतं. आपल्या तालुक्यात त्यांच्या आवाजातली एकही ओवी राहिली नाही.

परत आल्यावर मला कळलं की पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघांनी मिळून जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम केलं. एक लाखाहून जास्त ओव्या त्यांच्या चमूनं खेड्यापाड्यांतून जमवल्या. आज त्या 'पारी' नावाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. आणि प्रत्येक ओवीसोबत काय लिहिलंय माहीत आहे? ती म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव. माझ्या सगळ्या भाषणातली ही गोष्ट लक्षात ठेवा. ओवी तर ठेवलीच, पण म्हणणारीचं नावही ठेवलं.

तिसरा दिवस महाबळेश्वरचा. तिथून खाली दरीत मांघर नावाचं छोटं गाव आहे. 16 मे 2022 रोजी ते देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचा तो उपक्रम. गावातली बहुतेक घरं मधपाळ. सातेरी नावाच्या आपल्या देशी माशा पेटीत पाळतात. पूर्वी पोळं पिळून मध काढायचे, त्यात अंडी-पिल्लं मरायची आणि पोळंही जायचं. आता पेटीतल्या चौकटी काढून यंत्रात फिरवतात. मध बाहेर पडतो, पोळं शाबूत राहतं, आणि माशांना ते पुन्हा वापरता येतं.

तिथं एका ताईनं आम्हाला दोन-तीन मध चाखायला दिले. रंग वेगळा, चव वेगळी. म्हटलं, यात काय मिसळलंय? ती म्हणाली, "काही नाही. फुलं वेगळी. हा जांभळाचा, हा हिरड्याचा." कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, त्या वर्षीच्या मधाची लोक वाट बघतात. मी त्या ताईकडं बघत राहिले. ती आपल्यासारखीच, नऊवारीतल्या सासूची पाचवारीतली सून. पण आपल्या मधाबद्दल ती अशी बोलत होती जशी डॉक्टरीण औषधाबद्दल बोलते. लोक तिच्या दारात येतात, तिचं ऐकतात आणि मग बाटली घेतात. ती रस्त्यावर टोपली घेऊन बसलेली नव्हती. आधी ऐकणं, मग चाखणं आणि मग विकत घेणं, हा क्रम मी तिथं शिकले.

येताना गुरेघरला मॅप्रोच्या बागेत थांबलो. पाचगणीत 1959 साली फळांच्या जॅमपासून सुरू झालेला हा व्यवसाय. आज लोक सहल म्हणून तिथं येतात, स्ट्रॉबेरी खातात आणि पिशव्या भरून माल घेऊन जातात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. विचार करा, हे फळ इंग्रजांच्या काळात बाहेरून आलेलं. आपली हळद, ज्वारी, तूर तर किती पिढ्यांची आहे!

शेवटचा मुक्काम पुणे. तिथं शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. ते बघितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

दिनकर केळकर हे काही राजे-महाराजे नव्हते. चष्म्याचा धंदा करणारा माणूस, कविता लिहायचा. साधारण 1920 पासून त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाईंची साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीसाठी संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. आज तिथं वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. पुढं सगळं त्यांनी महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं.

आणि वस्तू कुठल्या? तलवारी-मुकुटच नाहीत. दिवे आहेत, पानाचे डबे आहेत, तऱ्हेतऱ्हेचे अडकित्ते आहेत, स्वयंपाकघरातली भांडीकुंडी आहेत. आमच्या बायका काचेला नाक लावून, "ही आमच्याकडं होती, हे माझ्या आईकडं होतं," असं म्हणत दोन तास हलेनात. असंच एक संग्रहालय अहमदाबादला आहे. सुरेंद्र पटेल यांनी 1981 साली 'विशाला' या आपल्या हॉटेलच्या आवारात फक्त भांड्यांचं संग्रहालय काढलं. साडेचार हजारांवर भांडी आहेत. नुसती भांडी!

पुण्याच्या त्या काचेसमोर मला रडू आलं, बहिणींनो. का, ते आता सांगते.

आमच्या घरी हळद शिजवायची मोठी लोखंडी कढई होती. आम्ही शेतात चूल खोदून त्यावर ती मांडायचो. सासूबाई, आम्ही त्यांना बाई म्हणायचो, चुलीजवळ बसायच्या. हळद शिजत आली की वर पांढरा फेस येतो आणि वास बदलतो. त्या वासावरून उठायच्या. एक हळकुंड काढून त्यात काडी टोचायच्या. काडी किती सहज जाते त्यावर त्या सांगायच्या, "काढा आता," नाहीतर "अजून एक जाळ." हळद कमी शिजली तर वाळल्यावर ठिसूळ होते, मोडते. जास्त शिजली तर रंग उतरतो. मधला क्षण त्यांना बरोबर कळायचा. आमच्या हळदीला मोंढ्यात नाव होतं, ते त्या काडीमुळं.

मग वाफेचा बॉयलर आला. मी बॉयलरला वाईट म्हणणार नाही. जळण वाचतं, वेळ वाचतो, बायकांच्या डोळ्यांतला धूर गेला. कढई पडून राहिली. बाई गेल्यावर वर्षभरात मी ती भंगारवाल्याला दिली. जातं, पाटा, सगळं त्याच गाड्यात. किलोवर गेलं. आलेल्या पैशात प्लॅस्टिकच्या दोन टोपल्या घेतल्या.

दोन हंगामांपूर्वी बॉयलरवाल्याला पुढच्या शेतात जायची घाई होती. त्यानं हळद लवकर काढली. मी समोर उभी होते. मला वास वेगळा आला, पण छातीठोकपणे सांगता येईना. बाईंनी काडीचं सांगितलं होतं, पण किती जायला पाहिजे, कुठल्या हळकुंडाला टोचायची, मातृकंदाला की बगल गड्ड्याला, हे मी कधी नीट विचारलंच नव्हतं. हळद वाळली आणि मोडायला लागली. क्विंटलमागं हजार रुपये कमी आले. घरात वीस क्विंटल होती. हिशेब तुम्हीच करा.

तर बाईंच्या डोक्यात होतं ते वीस हजारांचं होतं, एका हंगामाचं. आणि ते मी लिहून घेतलं नाही, कारण मला वाटायचं, ही तर रोजचीच गोष्ट, यात लिहायचं काय!

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं, पण आठवणींनी पोट भरतं का? तर ऐका. आपल्याच जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याला जीआय म्हणतात. त्याच सुमारास मराठवाड्यातल्या जालन्याच्या दगडी ज्वारीला मिळालं, कुंथलगिरीच्या खव्याला, बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला मिळालं. मानांकन मिळालं म्हणजे ते नाव दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. त्या भागातल्या शेतकऱ्यानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली की त्याला त्या नावानं माल विकता येतो.

पण मानांकन मागताना काय द्यावं लागतं? ही वस्तू इथं कधीपासून आहे त्याचा पुरावा, आणि ती कशी करतात त्याची लिहिलेली पद्धत. म्हणजे जे बाईंच्या डोक्यात होतं तेच! ते कागदावर असेल तर त्याला मोल, आणि चुलीजवळच राहिलं तर बाई गेली की तेही गेलं.

म्हणून मी म्हणते, संग्रहालय म्हणजे मोठी इमारत नव्हे. कुणीतरी एक जण ठरवतं की ही वस्तू मी टाकणार नाही आणि ती कुणाची, कशासाठी, ते लिहून ठेवणार. मोहरीवाल्या वकिलानं तेच केलं, केळकरांनीही तेच केलं. आपल्याकडं वस्तू आहेत, माहीतगार बायका आहेत, आणि लिहायला आता आपल्या लेकी आहेत.

पण पुण्यात मला एक गोष्ट टोचली, तीही सांगते. अडकित्ता कुठल्या काळातला हे कळतं, पण तो कुणाच्या कमरेच्या पिशवीत होता हे आता कुणालाच सांगता येणार नाही. इतकी वर्षं झाल्यावर ते कळणारच नाही, त्यात कुणाचा दोष नाही. आपल्याकडं मात्र ती बाई अजून ओट्यावर बसलेली आहे. तिला विचारता येतं. हे आपलं भाग्य आहे आणि ते फार दिवस राहणार नाही.

आता माझं मागणं.

आपल्या संघाच्या कार्यालयात मागच्या भिंतीला दोन फळ्या रिकाम्या आहेत. मी अध्यक्षा ताईंना विचारलंय, त्या हो म्हणाल्यात. पुढच्या सभेला प्रत्येक गटानं एक वस्तू आणायची. नवी विकत घ्यायची नाही, भंगारात चाललेली आणायची. शेवयाचा पाट असेल, सोऱ्या असेल, उखळाचं मुसळ असेल, ज्वारी मोजायची पायली असेल. आणि वस्तूसोबत एक कागद. त्यावर पाच ओळी लिहायच्या. वस्तूचं नाव. ती कुणाची, तिचं पूर्ण नाव आणि गाव. ती कशी वापरायची. कुणी शिकवलं. आणि ती बाई आपल्या तोंडानं जे सांगेल ते एक वाक्य, तिच्याच भाषेत, सुधारून नको.

"सासूचं नाव काय लिहायचं?" असं कुणी म्हणू नका. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, हळदीच्या पट्टीवर तिचं नाव नव्हतं. निदान तिच्या सोऱ्यावर तरी असू द्या.

दुसरं, प्रत्येक गटातल्या एका लेकीनं मोबाईलवर आपल्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाईचं बोलणं उतरून घ्यायचं. हळद शिजली हे कसं कळतं, कुरडईचा चीक किती दिवस ठेवायचा, तुरीला कीड लागू नये म्हणून काय करायचं. दहा मिनिटं पुरे. ते संघाकडं जमा करायचं.

आणि तिसरं, फेब्रुवारीत हळद शिजेल तेव्हा एका शेतात एक दिवस कढई पेटवायची. आपल्याच शाळेतली पोरं बोलवायची. मांघरच्या ताईसारखं आधी सांगायचं, मग चाखायला द्यायचं आणि मग शंभर-शंभर ग्रॅमची पुडी विकायला ठेवायची. पुडीवर गटाचं नाव आणि गाव लिहायचं. मोंढ्यात पोत्यावर आपलं नाव कुणी वाचत नाही, पुडीवर वाचतील. पहिल्या वर्षी दहा पुड्या खपल्या तरी मला चालतील.

कढई माझ्याकडं नाही, ती मी विकून बसले. आजेगावच्या बाजूच्या एका ताईंकडं अजून आहे असं कळलंय. त्यांना माझी हात जोडून विनंती, ती देऊ नका. भंगारवाला जेवढे देतो तेवढे मी देते, पण कढई तुमच्याच दारात राहू द्या. फेब्रुवारीत आम्ही सगळ्या तिथंच येतो.

आमचे मालक आता काय म्हणतात, ते सांगून थांबते. सहलीहून आल्यावर मी त्यांना पेवाचं सांगितलं, मधाचं सांगितलं. ते गप्प बसून ऐकत होते. मग म्हणाले, "बाई काडी कुठं टोचायच्या ते मला माहीत हाय. मी लहान असताना शेजारी बसायचो." चाळीस वर्षांच्या संसारात मला हे ठाऊक नव्हतं! मी लगेच नातीला हाक मारली, म्हटलं वही आण. ते सांगत गेले, तिनं लिहिलं. तो कागद मी आज सोबत आणलाय. मागच्या भिंतीवरच्या फळीवर पहिला तोच ठेवते. वर बाईंचं पूर्ण नाव लिहिलंय.